पेव, कट्टे आणि मॉड-५४

सुरुवातीलाच सांगून टाकतो, आजचं लिखाण भांडणाचं आहे. भांडण कुणाशी? तर आमच्या क्षेत्रातल्या त्या मंडळींशी, जी बॅकअप सर्व्हरसाठी डिस्क मागायची वेळ आली की एक्सेल उघडतात, एका चौकटीत "मॉड-५४" असं लिहितात, तिचा उजवा खालचा कोपरा माउसने धरून खाली ओढत नेतात आणि "झालं प्लॅनिंग" म्हणत चहाला जातात. आणि तितकंच भांडण "आपल्याकडे पहिल्यापासून मॉड-३ च चालतात" असं म्हणून चहाला जाणाऱ्यांशी. चहा दोघंही पितात, रिस्टोअर मात्र तिसऱ्यालाच करावा लागतो. तो तिसरा म्हणजे अस्मादिक.

ज्यांचा मेनफ्रेमशी कधी संबंध आला नाही त्यांनी पळून जाऊ नका. प्रकरण फार अवघड नाही. मेनफ्रेमच्या जगात डिस्कला डॅसडी म्हणतात आणि ती सिलिंडरमध्ये मोजतात (गॅसच्या नव्हे). आयबीएमने १९८९ साली ३३९० नावाची डिस्क आणली. तिच्या एका ट्रॅकवर ५६,६६४ बाइट मावायचे. असे १५ ट्रॅक म्हणजे एक सिलिंडर. आणि सिलिंडर किती, त्यावरून मॉडेलचा नंबर. मॉड-१ म्हणजे १,११३ सिलिंडर, मॉड-३ त्याच्या तिप्पट म्हणजे ३,३३९, मॉड-९ नऊपट म्हणजे १०,०१७. ती खरीखुरी गरगर फिरणारी डिस्क केव्हाच भंगारात गेली. आज खोक्याच्या आत फ्लॅश असते. पण ते खोकं मेनफ्रेमला अजूनही शपथेवर सांगतं की मी ३३९० आहे, माझ्या सिलिंडरला १५ ट्रॅक आहेत. आणि मेनफ्रेमही शहाण्या माणसासारखा त्यावर विश्वास ठेवतो.

मॉड-२७ आणि मॉड-५४ तर लोखंडात कधी जन्मलेच नाहीत. ते पहिल्यापासून नाटकातलेच. मॉड-५४ ला ६५,५२० सिलिंडर, कारण सिलिंडरचा नंबर १६ बिटांत बसवायचा होता, त्यामुळे ६५,५३६ च्या अलीकडे कुठेतरी थांबणं भाग होतं. २००८ मध्ये झेड/ओएस १.१० बरोबर ते कुंपणही तोडलं. २,६२,६६८ सिलिंडरचे, म्हणजे २२३ जीबीचे व्हॉल्यूम आले आणि पुढे ११,८२,००६ सिलिंडरचे, म्हणजे साधारण एक टेराबाइटचे. त्यांना ईएव्ही म्हणतात. थोडक्यात, मॉड-३ ला जर शेर म्हटलं तर ईएव्ही म्हणजे खंडी. प्रश्न एवढाच की बॅकअप सर्व्हरला कोणतं माप द्यायचं?

आता गोष्ट. गेल्या फेब्रुवारीत दोन दिवस गावी गेलो होतो. गाव पुसेगाव. थांबा, सातारचं नाही. पुण्यात "पुसेगाव" म्हटलं की समोरचा लगेच सेवागिरी महाराजांच्या यात्रेबद्दल विचारतो आणि मी लगेच दुरुस्ती करतो. आमचं पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला, त्याआधी आम्ही पत्त्यात परभणी लिहायचो. फेब्रुवारीत आमच्याकडे हळद शिजवायचा हंगाम असतो. अंगणभर वाफेचा वास, आईची धावपळ, बाबा मजुरांच्या मागे, आणि मी "वर्क फ्रॉम होम"च्या नावाखाली बाजेवर. रविवारी सकाळी फोन वाजला.

आम्ही ज्यांचं काम करतो ती परदेशातली विमा कंपनी आहे, नाव सांगत नाही. त्यांच्याकडे मेनफ्रेमवर लिनक्स चालतं आणि त्याच लिनक्सवर बॅकअप सर्व्हरही. कुणीतरी नवीन डिस्क फॉरमॅट करायला स्क्रिप्ट लिहिली आणि डिव्हाइस नंबरची रेंज चुकवली. तीन चालू डिस्क फॉरमॅट झाल्या. दोन क्लेमच्या सर्व्हरच्या, आणि तिसरी... बॅकअप सर्व्हरच्या स्वतःच्या डेटाबेसची. म्हणजे घर जळालं आणि विहिरीचा दोरही त्याच घरात होता.

बॅकअप सर्व्हरचा डेटाबेस म्हणजे काय ते इथे सांगायला हवं, कारण सगळं भांडण त्यावरच आहे. बॅकअपचा खरा माल असतो स्टोरेज पूलमध्ये. पण कुठली फाइल, कुठल्या तारखेची, पूलमध्ये नेमकी कुठे पडली आहे, ही वही असते डेटाबेसमध्ये. वही गेली तर पूलमधले टेराबाइट म्हणजे नुसता ढीग. म्हणून आधी वही उभी करायची, मग लॉग चालवून ती ताज्या क्षणापर्यंत आणायची, आणि मगच तिच्या आधाराने बाकीचं परत मिळवायचं.

वही बसली होती आठ मॉड-५४ वर. का आठ? कारण लागत होते साधारण ३८० जीबी, आणि एक्सेलमध्ये आठ ओळी छान दिसतात. कागदावर डेटाबेस उभा करायला तीन तास लिहिले होते. प्रत्यक्षात लागले नऊ. आणि त्यानंतर क्लेमच्या सर्व्हरच्या लाखो छोट्या छोट्या फाइली. मी गच्चीवर, कारण घरात रेंज नाही. एका हातात फोन, दुसऱ्यात उपरणं, ऊन डोक्यावर. खाली हळद शिजतेय, वर मी.

नऊ तास का लागले? इथे जरा नट-बोल्टमध्ये शिरतो. मेनफ्रेमची जुनी पद्धत अशी की एका डॅसडीला एका वेळी एकच काम सांगायचं. ते संपल्यावर दुसरं. डिस्क मोठी असो की लहान, खिडकी एकच. बँकेत खातेदार दहापट केले आणि काउंटर एकच ठेवलं तर काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. ह्यावर १९९९ मध्ये आयबीएमने ईएसएस ('शार्क' म्हणायचे त्याला) ह्या खोक्याबरोबर पॅव आणलं: एकाच व्हॉल्यूमला जास्तीचे पत्ते, म्हणजे एलियस, द्यायचे, म्हणजे तितक्या जास्त खिडक्या. पुढे हायपरपॅव आलं, त्यात एलियस कुणा एकाच्या मालकीचे नसतात, ज्याला लागतील त्याने त्या क्षणापुरते घ्यायचे. मोठे व्हॉल्यूम वापरण्याजोगे झाले ते ह्यामुळे. हे श्रेय द्यायलाच पाहिजे.

आमच्याकडेही एलियस होते. खोक्यात होते, डायग्राममध्ये होते, मंजूर झालेल्या डिझाइनमध्ये तर ठळक अक्षरात होते. फक्त त्या लिनक्समध्ये कुणी ऑनलाइन केले नव्हते. लिनक्सवर बेस डिव्हाइस ऑनलाइन करावा लागतो तसा एलियसही करावा लागतो, आपोआप उगवत नाही. संध्याकाळी कुणाला तरी सुबुद्धी झाली आणि डॅसडींची यादी बघितली, तर बेस आठच्या आठ, एलियस एकही नाही. म्हणजे ३८० जीबीच्या वहीला खिडक्या होत्या फक्त आठ. लॉग चालवताना वहीतल्या कुठल्याही पानावर कधीही लिहावं लागतं, त्यामुळे आठ रांगा आणि प्रत्येक रांगेत मारामारी.

आणि आता खरा चिडण्यासारखा भाग. हे असं चौदा महिने होतं. चौदा महिने! रोज रात्री बॅकअप व्हायचा, वेळेत व्हायचा, सकाळी हिरवा टिकमार्क यायचा. कारण रात्रीच्या बॅकअपमध्ये माल मोठमोठ्या तुकड्यांत सरळ एका रेषेत लिहिला जातो आणि वहीत बसणाऱ्या नोंदींची घाई नसते. ते काम आठ खिडक्यांनाही झेपतं. रिस्टोअरचा स्वभाव पूर्ण उलटा. इथलं एक पान, तिथलं एक पान, पुन्हा इथलं. आम्ही चौदा महिने बॅकअपचा वेग मोजत होतो. अरे, बॅकअपचा वेग घेऊन काय करायचंय? बॅकअप काही कुणाला हवा नसतो. माणसाला हवा असतो रिस्टोअर.

क्लेमचे चेक दोन दिवस उशिरा निघाले. आमच्या अहवालात ते "मायनर बिझनेस इम्पॅक्ट" म्हणून गेलं. कुणाचं तरी घर पाण्यात गेलं असेल, कुणाचं ऑपरेशन असेल, ते दोन दिवस पोस्टाच्या पेटीकडे बघत असतील. मायनर म्हणे.

रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "काय बिघडलं होतं रे एवढं?" मी सोपं करून सांगायला गेलो की मोठ्या मोठ्या आठ डब्यांत सगळं ठेवलं होतं, काढायला वेळ लागला. बाबा हसले. म्हणाले, "म्हंजे पेवात ठिवलं म्हना की."

ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांच्यासाठी: मराठवाड्यात पूर्वी ज्वारी जमिनीत खड्डा करून साठवायचे. तोंड लहान, पोट मोठं, आतून कडबा-काड लावलेलं, वरून माती लिंपलेली. साठवायला ह्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण काढायचं म्हटलं की पंचाईत. तोंड उघडून हवा जाऊ द्यायची, आत कंदील सोडून बघायचा, विझला तर उतरायचं नाही, कारण आतल्या वायूने माणसं गेली आहेत. आणि एकदा उघडलं की थोडं काढून पुन्हा लिंपायचं असं चालत नाही, सगळंच काढावं लागतं. म्हणून पेवात वर्षाची बेगमी असायची. रोजच्या भाकरीची ज्वारी घरात, कणगीत. आणि बियाणं? ते आजी गाडग्यात ठेवायची, राख घालून, आणि गाडगी एक नव्हे, चार-पाच, वेगवेगळ्या ठिकाणी. एका घरात तीन मापं! आजी शाळेत गेली नव्हती, तिच्याकडे एक्सेल नव्हतं. ती फक्त एवढंच बघायची की कुठली गोष्ट, कधी आणि किती घाईने काढावी लागणार आहे.

तर मुद्दा हा. बॅकअप सर्व्हरची डिस्क ही एक गोष्ट नाही, तीन आहेत. पूल म्हणजे पेव, वही म्हणजे कणगी, लॉग म्हणजे बियाण्याचं गाडगं. तिन्हीला एकच माप लावणाऱ्याला मी इंजिनिअर म्हणणार नाही, टायपिस्ट म्हणेन (टायपिस्टांनी माफ करावं).

आधी पूल घेऊ, कारण तिथे मी मोठ्या मापाच्या बाजूचा आहे. मॉड-३ वाल्यांनी जरा हिशेब करावा. लिनक्स डॅसडीवर ४ केबीचे ब्लॉक पाडतं, एका ट्रॅकवर असे १२ बसतात. १२ गुणिले ४,०९६ म्हणजे ४९,१५२ बाइट. ट्रॅक होता ५६,६६४ चा. म्हणजे प्रत्येक ट्रॅकमागे ७,५१२ बाइट, तेरा टक्क्यांच्या वर, हवेत. त्यामुळे मॉड-३ चे हातात येतात २.४६ जीबी. ४० टीबीचा पूल करायचा तर १६,२४९ मॉड-३ लागतील. सोळा हजार! मेनफ्रेममध्ये डिव्हाइस नंबर चार आकडी हेक्स, म्हणजे एका संचात एकूण ६५,५३६. त्यातला चौथा हिस्सा एका बॅकअप पूलने खाल्ला. मॉड-९ घेतले तरी ५,४१७. मॉड-५४ घेतले तर ८२९. आणि एक टीबीवाले ईएव्ही घेतले तर ४६. पूलमध्ये माल सरळ रेषेत लिहिला-वाचला जातो, तिथे मोठं मापच बरोबर. ज्यांना शक्य आहे त्यांनी पूलसाठी डॅसडीचा नादच सोडून एफसीपीवरून सरळ साधे स्कझी लन घ्यावेत, ट्रॅकचं ते तेरा टक्क्यांचं दानही वाचतं. फक्त मग मेनफ्रेमच्या स्टोरेज टीमला ते दिसत नाहीत, त्यांच्या नेहमीच्या कॉपी-रेप्लिकेशनच्या व्यवस्थेत ते येत नाहीत, आणि मल्टिपाथचं लफडं तुमच्या गळ्यात. ज्याच्या त्याच्या टीमचा स्वभाव बघून ठरवा.

ह्याच हिशेबात एक्सेलवाल्यांचीही विकेट पडते. ते मॉड-५४ ला "५५.७ जीबी" धरतात, कारण माहितीपत्रकात तसं छापलेलं असतं. ४० टीबी भागिले ५५.७, आले ७१९ व्हॉल्यूम. मागवले, लावले, फॉरमॅट केले आणि निघाले ३४.७ टीबी. पाच टेराबाइट कुठे गेले म्हणून मग मीटिंग. त्या मीटिंगचे पैसे कुणी मोजत नाही.

मॉड-३ वाल्यांचा राग मला कमी येतो, खरं सांगतो. त्यांच्या सवयीला इतिहास आहे. एके काळी टीएसएमसारखा बॅकअप सर्व्हर थेट झेड/ओएसवरच चालायचा, त्याचे व्हॉल्यूम म्हणजे व्हीसॅमचे लिनिअर डेटासेट, आणि खास सोय केली नाही तर त्यांना ४ जीबीची मर्यादा. तेव्हा २.८ जीबीचा मॉड-३ अंगाला बसणारा सदरा होता. पण २००९ मध्ये टीएसएम ६.१ आलं, डेटाबेस डीबी२ वर गेला आणि झेड/ओएसवरचा तो सर्व्हर ५.५ वरच थांबला. तो सदरा आता पोराला झालाय तोकडा आणि आपण पोरालाच म्हणतोय पोट आत घे. तसंच "मॉड-९ स्लो असतो" हे. खरोखरच्या लोखंडी मॉड-९ ची तबकडी हळू फिरायची, म्हणून तो स्लो होता. आता आत तबकडीच नाही, तरी मीटिंगमध्ये कुणीतरी हळूच म्हणतंच, "मॉड-९ नको हां." भुताला घाबरणं समजू शकतो, पण भुताच्या वेगाला?

आता वही. इथे मी एक्सेलवाल्यांच्या थेट विरोधात. डेटाबेसला बरेच, मध्यम आणि अगदी सारख्या मापाचे व्हॉल्यूम द्या. सारखे का, तर डीबी२ सगळ्या डिरेक्टरींमध्ये माल समान वाटतो. एक लहान आणि बाकीचे मोठे दिलेत तर लहानगा आधी भरतो आणि मोठ्यांची जागा नुसती पडून राहते. आणि बरेच का, तर खिडक्या. आमच्या आठ मॉड-५४ ऐवजी १६,३८० सिलिंडरचे ३२ व्हॉल्यूम घेतले असते तर जागा तितकीच आली असती, एका बाइटचा फरक नाही. फक्त एलियस विसरूनही खिडक्या ३२ असत्या.

"पण एलियस लावले की आठही पुरतात," असं आमचे आर्किटेक्टसाहेब म्हणतात. बरोबर आहे. त्या रात्री एलियस ऑनलाइन केल्यावर उरलेला रिस्टोअर पळायला लागला, हे मी स्वतः पाहिलंय. पण ज्या डिझाइनचा जीव एका विसरलेल्या कमांडमध्ये आहे, ते डिझाइन नव्हे, तो नवस आहे. शिवाय एलियस आकाशातून पडत नाहीत. एका लॉजिकल कंट्रोल युनिटमध्ये पत्ते २५६, त्यातच बेस आणि त्यातच एलियस. पूल आणि वही एकाच युनिटमध्ये ठेवलीत तर रात्री पूल सगळे एलियस ओढून घेतो आणि वही ताटकळत बसते. म्हणून वहीचं युनिट वेगळं ठेवा. हे कुठल्याही मीटिंगमध्ये मी बोललो की लोक फोन बघायला लागतात.

१६,३८० ऐकल्यावर साहेबांचा चेहरा बघण्यासारखा होता. "नॉन-स्टँडर्ड साइझ!" स्टँडर्ड कुणाचं हो? बाजारातून केव्हाच उठलेल्या डिस्कचं? गंमत बघा, जुन्या डीएस८००० खोक्यांत जागा १,११३ सिलिंडरच्या तुकड्यांत मिळायची. त्या काळात त्यांचा तो "स्टँडर्ड" ३२,७६० चा मॉड-२७ तीस तुकडे अडवायचा, म्हणजे ३३,३९०, आणि प्रत्येक व्हॉल्यूममागे ६३० सिलिंडर, अर्धा जीबीहून जास्त, फुकट जायचे. नंतर २१ सिलिंडरचे छोटे तुकडे आले. ३२,७६० ला २१ ने भाग जातो. ६५,५२० लाही जातो. आणि माझ्या १६,३८० लाही जातो, ७८० वेळा, बाकी शून्य. करून बघा, मी थांबतो. :)

विरुद्ध बाजूचा एक मुद्दा मात्र खरा वजनदार आहे, तो लपवत नाही. एकच माप असलं की माणूस कमी चुकतो. दुसऱ्या डेटा सेंटरमध्ये कॉपी करायची तर तिथला व्हॉल्यूम निदान तितकाच मोठा हवा. मापं वाढली की जुळवाजुळव वाढते. आणि डिव्हाइस वाढले की चुकीच्या रेंजच्या स्क्रिप्टला शिकारही जास्त. आमचा अपघात नेमका अशाच चुकीने झाला होता, त्यामुळे हे मी ऐकून घेतो. पण त्यावर उत्तर "एक माप" हे नाही. उत्तर: दोन मापं. पूलला एक, वही आणि लॉगला एक, नंबरांच्या रेंज लांब लांब, की चुकून हात लागायला नको. तीनचार मापांचा हट्ट मीही सोडला.

लॉगबद्दल फार लिहीत नाही. लहान जागा, वेगळे व्हॉल्यूम, वहीच्या शेजारी नाही. वही जळाली तर गाडगं वाचलं पाहिजे. संपलं.

एक मात्र सारखं मनात येतं. पुण्यात बसून आपण ह्या विषयात काय कमी काम केलंय? वेरिटासची मोठी फौज वर्षानुवर्षं पुण्यात स्टोरेज आणि बॅकअपवरच राबली, ड्रुवासारखी बॅकअपची कंपनी २००८ मध्ये पुण्यातच सुरू झाली. अख्खी पिढी ह्यावर घरं घेऊन बसली, ईएमआयसकट. आणि तरी आपल्यातल्याच लोकांना कुणी "हा व्हॉल्यूम एवढाच का?" असं विचारलं की उत्तर येतं, "क्लायंटने तसं दिलंय." क्लायंटला विचारलं की तो म्हणतो, "व्हेंडरने सुचवलंय." व्हेंडर म्हणतो, "ग्राहकाच्या गरजेनुसार." तिकडे आमच्या जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे, २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राने मंजुरी दिली. तिथे मेनफ्रेम असणार नाही, पण डेटा असणार, आणि त्यासाठी कुणीतरी कधीतरी एक्सेल उघडणारच. त्याला आत्ताच हात जोडून सांगतो, बाबा रे, चौकट ओढू नकोस.

परवापासून आमच्याकडे नवीन खोक्याचं प्लॅनिंग सुरू झालंय. सोमवारी अकराला मीटिंग आहे. मी माझी शीट पाठवून दिली. त्यात साइझचा रकाना शेवटी ढकललाय आणि पहिला रकाना केलाय "परत मिळायला किती तास". तो भरण्यासाठी मी दोन शनिवार रिकाम्या एलपारवर खरा रिस्टोअर चालवून बघितला, एकदा एलियस लावून आणि एकदा मुद्दाम न लावता. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिलेत, त्यावर काही भाष्य केलेलं नाही.

रात्री साहेबांचं उत्तर आलं. एकच ओळ. "कॅन वी कीप इट सिंपल? ऑल मॉड-५४?"

अजून उत्तर दिलेलं नाही. बाबांनी ट्रॅव्हल्सने हळकुंडांचा कट्टा पाठवलाय, तो आणायला पहाटे पाचला वाकडला जायचंय. फोनवर म्हणत होते, एका कट्ट्यात बसत होतं पण दोन केलेत, तुला जिना चढायचाय.